१०० मीटरची थाळी आणि ३ मिलिमीटरच्या लहरी

खोडदच्या जीएमआरटीवर रेडिओ खगोलशास्त्राचे पहिले धडे गिरवले असतील आणि आता ताऱ्यांच्या जन्माकडे, म्हणजे रेणूंच्या थंड ढगांकडे वळायचं ठरवलं असेल, तर काही सवयी मागे ठेवाव्या लागतील. जीएमआरटी जास्तीत जास्त १,४५० मेगाहर्ट्‌झपर्यंत, म्हणजे साधारण २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरींपर्यंत काम करते. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची. २१ सेंटिमीटरच्या लहरीला ती जाणवतही नाहीत. ३ मिलिमीटरची लहर मात्र त्याच भोकांतून आरपार निघून जाईल. तिथे तुम्हाला आयनांबराची आणि मोबाइलच्या टॉवरांची काळजी होती. इथे आयनांबराचा त्रास जवळपास नाहीच. काळजी करायची ती हवेतल्या बाष्पाची, वाऱ्याची आणि थाळीवर पडलेल्या उन्हाची.

हे सगळं प्रत्यक्षात कसं हाताळायचं ते मी एकाच दुर्बिणीच्या आधारे सांगणार आहे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली ग्रीन बँक दुर्बीण, म्हणजे जीबीटी. १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री तिथली ३०० फुटी दुर्बीण कोसळली. त्यानंतर उभी राहिलेली ही नवी दुर्बीण २००० साली सुरू झाली. तिचा परावर्तक १०० बाय ११० मीटरचा आहे आणि वजन सुमारे ७,७०० टन. घरावरच्या डीटीएचच्या छत्रीसारखा तिचा रिसीव्हर थाळीच्या समोर नसून एका बाजूच्या हातावर आहे, त्यामुळे येणाऱ्या लहरींच्या वाटेत काहीच आडवं येत नाही. पृष्ठभाग २,००४ पॅनलांचा आहे आणि त्यांच्या कोपऱ्यांखाली २,२०९ मोटरचलित ॲक्चुएटर आहेत. थाळी कलली की स्वतःच्या वजनाने वाकते, आणि हे ॲक्चुएटर तिला पुन्हा आकारात आणतात. हाच तिचा प्राण आहे. ही सोय नसती, तर एवढ्या मोठ्या थाळीवर ३ मिलिमीटरमध्ये काम करण्याचा विचारही कुणी केला नसता.

मोठी थाळी कशासाठी, हा प्रश्न प्रस्ताव तपासणारे विचारतीलच, म्हणून त्याचं उत्तर आधी तयार ठेवा. १९७० साली विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात कार्बन मोनॉक्साइडची ११५ गिगाहर्ट्‌झची रेषा शोधली, ती किट पीकवरच्या ३६ फुटी दुर्बिणीने. तेवढ्या थाळीला ३ मिलिमीटरमध्ये एका आर्कमिनिटाहून बारीक तपशील दिसत नाही. स्पेनमधल्या पिको व्हेलेटा पर्वतावरच्या ३० मीटर दुर्बिणीला ८६ गिगाहर्ट्‌झवर सुमारे २९ आर्कसेकंदांचा तपशील दिसतो, जीबीटीला साडेआठ आर्कसेकंदांचा. त्याहून बारीक पाहायचं तर आल्मासारखी अनेक थाळ्यांची दुर्बीण हवी. पण तशी दुर्बीण पसरट ढगाचा मोठा भाग सहसा गाळून टाकते आणि मोठं आकाश व्यापायला तिला फार वेळ लागतो. बारीक तपशील आणि ढगाचं सगळं तेज एकाच वेळी हवं असेल, तर मोठ्या एकल थाळीला पर्याय नाही. तुमच्या विषयाला या दोन्हींची गरज नसेल, तर मात्र प्रामाणिकपणे दुसरी दुर्बीण निवडा. पिको व्हेलेटा २,८५० मीटर उंचीवर आहे, मेक्सिकोतली ५० मीटरची मोठी मिलिमीटर दुर्बीण ४,६०० मीटरवर. ग्रीन बँक जेमतेम ८०० मीटरवर, दमट जंगलातल्या खोऱ्यात आहे. हवेच्या बाबतीत ती या दोघींशी बरोबरी करू शकत नाही, आणि पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती फिरतं.

रेषा आणि रिसीव्हर

आधी रेषा ठरवा, मग रिसीव्हर. कार्बन मोनॉक्साइडची मुख्य रेषा ११५.२७१ गिगाहर्ट्‌झवर आहे आणि ती सर्वांत तेजस्वी. म्हणून नवखा माणूस तिच्याकडेच धावतो. माझा सल्ला आहे की जीबीटीवर पहिलं काम ११५ वर करू नका. ११८.७५ गिगाहर्ट्‌झवर हवेतल्या ऑक्सिजनची रेषा आहे आणि तिचा उतार ११५ पर्यंत पोचतो, त्यामुळे कोरड्या रात्रीसुद्धा तिथे आकाश ९० गिगाहर्ट्‌झपेक्षा बरंच अपारदर्शक असतं. शिवाय तिथे थाळीची कार्यक्षमताही घसरते. कार्बन-१३ असलेल्या कार्बन मोनॉक्साइडची ११०.२०१ ची रेषा किंवा त्याच्या ऑक्सिजन-१८ च्या भावंडाची १०९.७८२ ची रेषा कितीतरी सोपी. घन वायू पाहायचा असेल, तर ८८ ते ९३ गिगाहर्ट्‌झचा पट्टा हा या दुर्बिणीचा सर्वांत अनुकूल टापू आहे: एचसीएन ८८.६३२ वर, एचसीओ-प्लस ८९.१८९ वर, एन-टू-एच-प्लस ९३.१७४ वर. ग्रीन बँकवर शेजारच्या दीर्घिकांमधल्या घन वायूचं ‘डेगास’ हे सर्वेक्षण झालं, त्यातही याच पट्ट्यातल्या एचसीएन आणि एचसीओ-प्लसवर भर होता.

रिसीव्हर तीन. रेषांच्या नकाशांसाठी अर्गस: ४ बाय ४ अशा मांडणीतले १६ पिक्सेल, ७४ ते ११६ गिगाहर्ट्‌झ. एकाच बिंदूवर खोल निरीक्षण करायचं असेल किंवा ड्युटेरियमयुक्त रेणूंच्या ७० च्या आसपासच्या रेषा हव्या असतील, तर ६७ ते ९३ गिगाहर्ट्‌झचा दोन बीमचा रिसीव्हर. आणि दीर्घिकासमूहांमधला तप्त वायू किंवा धूळ पाहायची असेल, तर मस्टँग-२ हा ०.३ केल्व्हिनपर्यंत थंड केलेल्या दोनशेहून अधिक संवेदकांचा कॅमेरा. मस्टँग-२ ला रेषा दिसत नाहीत, फक्त एकूण तेज दिसतं.

स्पेक्ट्रोमीटरची निवड करताना वेगाच्या भाषेत विचार करा. ९३ गिगाहर्ट्‌झवर सेकंदाला १ किलोमीटर म्हणजे ३११ किलोहर्ट्‌झ. वृषभ राशीतल्या एखाद्या थंड गाभ्यातली रेषा सेकंदाला ०.२ ते ०.३ किलोमीटर रुंद असते, म्हणजे ३० किलोहर्ट्‌झपेक्षा जाड चॅनल चालणार नाही. उलट फिरत्या दीर्घिकेची रेषा सेकंदाला ३०० किलोमीटर पसरली असेल, तर ८९ गिगाहर्ट्‌झवर ती ९० मेगाहर्ट्‌झ व्यापते, आणि बेसलाइन बसवायला तिच्या दोन्ही बाजूंना तेवढीच मोकळी जागा हवी. व्हेगास स्पेक्ट्रोमीटरमध्ये १,५०० मेगाहर्ट्‌झच्या रुंद पट्ट्यापासून ११.७ मेगाहर्ट्‌झच्या अरुंद पट्ट्यापर्यंत निवड करता येते. घाईत केलेली निवड नंतर दुरुस्त करता येत नाही. नोंदलेल्या विदेतून बारीक चॅनल नंतर काढता येत नाहीत. बारीक चॅनल जोडून जाड मात्र करता येतात. शंका असेल तिथे बारीक घ्या.

वेळेचा हिशेब

ग्रीन बँकला वेळ मागायला अमेरिकी असावं लागत नाही. वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात आणि ते विज्ञानाच्या गुणवत्तेवर निवडले जातात. पुण्यातल्या विद्यार्थ्याने मार्गदर्शकासह अर्ज करायला काहीच अडचण नाही.

किती वेळ मागायचा? गोंगाटाचं सूत्र जीएमआरटीवर वापरलं तेच: सिस्टिमचं तापमान भागिले चॅनलची रुंदी आणि वेळ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. समजा सिस्टिमचं तापमान १५० केल्व्हिन, चॅनल ३१ किलोहर्ट्‌झ, आणि एका बिंदूवर १० मिनिटं. गोंगाट ०.०३५ केल्व्हिन येतो. लक्ष्याइतकाच वेळ रिकाम्या आकाशावर घालवून वजाबाकी केली, तर ०.०५. हा आकडा अर्जात लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, लक्ष्य आकाशात किती उंच येतं. ग्रीन बँक ३८.४ अंश उत्तरेला आहे. पुण्याहून आकाशगंगेचं केंद्र ४० अंशांहून वर येतं, म्हणून ते सोपं लक्ष्य आहे असं आपल्याला वाटतं. ग्रीन बँकहून ते २२ ते २३ अंशांच्या वर कधीच जात नाही आणि हवेचा थर डोक्यावरच्यापेक्षा २.६ पट जाड होतो. मृगातला तेजोमेघ ४६ अंशांपर्यंत येतो, ते चालेल. वृषभ आणि ययातीतले ढग जवळपास डोक्यावरून जातात. तिथेही एक अडचण आहे: अगदी शिरोबिंदूजवळ एवढ्या जड थाळीला दिगंशात पुरेशा वेगाने वळता येत नाही, तेव्हा तो अर्धा-पाऊण तास दुसऱ्या लक्ष्याला द्या.

दुसरी गोष्ट हवा. कोरड्या हिवाळी रात्री ९० गिगाहर्ट्‌झवर शिरोबिंदूची अपारदर्शकता ०.१ च्या आसपास असते. ३० अंश उंचीवर हवेचा थर दुप्पट, म्हणजे १८ टक्के संकेत हवेत जिरतो आणि हवेचं स्वतःचं उत्सर्जन सुमारे ४७ केल्व्हिनची भर घालतं. अपारदर्शकता ०.३ झाली, की त्याच उंचीवर ४५ टक्के संकेत जातो आणि भर ११७ केल्व्हिनवर पोचते. एकाच वेळी संकेत कमी आणि गोंगाट जास्त. अशा रात्री दुप्पट वेळ बसूनही नुकसान भरून येत नाही. म्हणून ग्रीन बँकला ठरलेल्या तारखा मिळत नाहीत. कोणाचा प्रकल्प कधी चालवायचा ते हवामानाचा अंदाज पाहून एक-दोन दिवस आधी ठरतं. ३ मिलिमीटरचे प्रकल्प मुख्यतः शरद ऋतूपासून वसंतापर्यंतच्या, शांत, कोरड्या रात्रींना मिळतात. त्या आठ महिन्यांत तुमच्या स्क्रिप्ट कधीही चालवण्याइतक्या तयार हव्यात. निरोप आल्यावर स्क्रिप्ट लिहायला बसलात, तर उशीर झालेला असेल.

भारतातल्या निरीक्षकाला एक खरी सोय आहे. हिवाळ्यात तिथले रात्रीचे १० म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ. प्रशिक्षण घेतल्यावर दुरून निरीक्षण करता येतं, त्यामुळे तिथली बहुतेक रात्र तुम्ही इथे दिवसाउजेडी, ताज्या डोक्याने चालवू शकता. इंटरनेट तुटलं तर काय करायचं, हे तिथल्या ऑपरेटरशी सत्राच्या सुरुवातीलाच बोलून ठेवा. थाळीची सुरक्षितता त्यांच्या हातात असते आणि वाऱ्याबद्दल त्यांचा शब्द अंतिम मानायचा.

आकार आणि नेम

आता या लेखाचा गाभा. ३ मिलिमीटरमध्ये सत्राचा पहिला अर्धा तास तुमच्या लक्ष्याचा नसतो, थाळीचा असतो. हा अर्धा तास वाचवण्याचा मोह नवख्या निरीक्षकांना फार होतो, म्हणून हिशेब मांडूनच दाखवतो.

थाळी आदर्श आकारापासून सरासरी किती ढळली आहे, यावर किती संकेत वाया जातो हे रूझ यांच्या सूत्रातून काढता येतं. रात्री नीट बसवलेल्या जीबीटीच्या पृष्ठभागाची चूक साधारण ०.२३ मिलिमीटर असते. ३.३ मिलिमीटरच्या लहरीवर यातून ४६ टक्के वाटा हाती राहतो. आता समजा, दिवसाच्या उन्हाने सांगाड्याचा एक भाग तापला, दुसरा सावलीत राहिला आणि चूक ०.४ मिलिमीटर झाली. डोळ्याला हा फरक दिसणारच नाही. पण हाती राहणारा वाटा १० टक्क्यांवर येतो. संकेत साडेचार पटींहून अधिक घटला, आणि तो गोंगाटातून बाहेर काढायला वेळ वीस पटींहून जास्त लागेल. २० तासांचं काम एका तासात करायचं असेल, तर आधी थाळीचा आकार सांभाळायचा.

त्यासाठी ‘आउट ऑफ फोकस होलोग्राफी’ ही पद्धत वापरतात. एखादा तेजस्वी, बिंदूसारखा क्वेसार निवडायचा आणि त्याचे तीन नकाशे घ्यायचे: एक फोकसमध्ये, दोन मुद्दाम फोकसच्या अलीकडे आणि पलीकडे. फोकस बिघडवल्यावर प्रतिमा जशी विस्कटते, त्यावरून थाळी कुठे फुगली आहे आणि कुठे दबली आहे ते गणिताने काढता येतं, आणि ती दुरुस्ती थेट ॲक्चुएटरना पाठवता येते. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटांत होतं. क्वेसार काही जान्स्की तरी तेजस्वी हवा. मंद क्वेसारावर ही पद्धत गोंगाटालाच पृष्ठभागाचा खड्डा समजते. संगणक वेगवेगळ्या तपशिलाची उत्तरं पुढे ठेवतो. त्यातलं सर्वांत बारीक उत्तर घेण्याचा मोह टाळा आणि पाचव्या क्रमाचं घ्या. ते लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा त्याच क्वेसारावर पॉइंटिंग करा. शिखर उंचावलं आणि बीम अरुंद झाला, तर उत्तर बरोबर. नाही उंचावलं, तर दुरुस्ती काढून टाका आणि पुन्हा करा. ही तपासणी कधीही गाळू नये, असं माझं ठाम मत आहे. चुकीची दुरुस्ती कोणतीही दुरुस्ती नसण्यापेक्षा वाईट असते, आणि नंतरच्या विदेत तिचा पत्ताही लागत नाही.

हे उत्तर टिकतं किती? मध्यरात्रीनंतर, सांगाडा सगळीकडे सारखा गार झाल्यावर, चार तास टिकू शकतं. सूर्यास्तानंतरच्या पहिल्या काही तासांत पोलाद असमान गार होत असतं, तेव्हा दोन तासांवर विसंबू नका. सकाळी सूर्य उगवला, की मोजणी संपवायच्या तयारीला लागा. दिवसासुद्धा पृष्ठभाग काही मिनिटांत लेझरने मोजून घेण्याची यंत्रणा ग्रीन बँकच्या अभियंत्यांनी विकसित केली आहे, ती मला फार आशादायक वाटते. तोपर्यंत रात्र हीच खरी.

आकारानंतर नेम. ८६ गिगाहर्ट्‌झवर बीम साडेआठ आर्कसेकंदांचा. नेम ३ आर्कसेकंद चुकला, तर २९ टक्के संकेत गेला. ११५ वर बीम साडेसहाचा, तिथे तेवढ्याच चुकीत ४५ टक्के जातो. ३ आर्कसेकंद म्हणजे १०० मीटरच्या थाळीची एक कड दीड मिलिमीटर सरकणं. सेकंदाला ५ मीटरचा वारा किंवा हातावर पडलेलं ऊन एवढं सहज करू शकतं. म्हणून दर अर्ध्या ते पाऊण तासाने लक्ष्याजवळच्या, १०-१५ अंशांच्या आतल्या क्वेसारावर पॉइंटिंग आणि फोकस करा. संगणक स्वतःच बेरीज-वजाबाकी करून नेम दुरुस्त करतो, पण प्रत्येक आलेख स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. शिखर डावीकडे-उजवीकडे सारखं आहे का, शेजारी दुसरा उंचवटा दिसतो का, लागोपाठच्या दोन फेऱ्यांत उत्तर एकच येतं का? दोन फेऱ्यांत ३ आर्कसेकंदांचा फरक पडला, तर वारा तुमच्या नेमापेक्षा जोरात आहे. अशा वेळी पसरट ढगाचा नकाशा चालू ठेवता येतो, बिंदूसारख्या लक्ष्याचं मोजमाप थांबवावं.

व्हेन, नकाशा आणि फसवे संकेत

जीएमआरटीवर गोंगाटाचा ज्ञात स्रोत आणि कॅलिब्रेटर यांवर काम भागतं. ३ मिलिमीटरमध्ये हवा स्वतःच मिनिटामिनिटाला बदलते, म्हणून रिसीव्हरसमोर खोलीच्या तापमानाची एक पट्टी, व्हेन, आडवी धरतात आणि लगेच काढून आकाश पाहतात. आकाशाचं वाचन भागिले व्हेन आणि आकाश यांतला फरक, गुणिले व्हेनचं परिणामी तापमान: एवढ्यात सिस्टिमचं तापमान मिळतं आणि हवेत जिरलेल्या संकेताची भरपाईही होते. दर पॉइंटिंगनंतर एकदा, आणि हवा बदलती असेल तर नकाशाच्या मध्येही, व्हेन करा. एका मिनिटाचं काम आहे. अर्गसच्या सोळाही पिक्सेलचे आकडे नजरेखालून घाला. एखाद्या पिक्सेलचं तापमान शेजाऱ्यांच्या दुप्पट असेल, तर त्याची नोंद तेव्हाच करा.

अर्गसच्या पिक्सेलांमध्ये ३०.४ आर्कसेकंदांचं अंतर आहे आणि बीम फक्त सात-आठचा, म्हणजे मधली जागा रिकामी. नुसतं लक्ष्यावर रोखून बसलात, तर सोळा विखुरलेले ठिपके मिळतील. थाळी सतत सरकवत ओळींमागून ओळी काढाव्या लागतात, दोन ओळींतलं अंतर बीमच्या तिसऱ्या भागाहून कमी ठेवावं लागतं आणि तोच नकाशा पुन्हा आडव्या-उभ्या दिशेने काढावा लागतो. लहान लक्ष्यासाठी फुलाच्या पाकळ्यांसारखा मार्ग अधिक किफायतशीर पडतो.

रिकाम्या आकाशाचा बिंदू निवडताना कंजुषी करू नका. वृषभ आणि ययातीमधले ढग अंशच्या अंश पसरले आहेत आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास सगळीकडे असतो. ‘रिकामा’ बिंदू खरोखर रिकामा नसेल, तर तिथली रेषा तुमच्या नकाशाच्या प्रत्येक बिंदूतून वजा होते आणि एक खोटा खड्डा सगळीकडे उमटतो. म्हणून त्या बिंदूवर एकदा स्वतंत्र निरीक्षण करून ठेवा. जागा बदलायला नको म्हणून वारंवारता बदलून वजाबाकी करण्याचा मार्गही आहे. पण ११५.२७१ वर तो वापरलात, तर आपल्याच वातावरणातल्या कार्बन मोनॉक्साइडची रेषा स्पेक्ट्रममध्ये दिसेल. ऋतूनुसार पृथ्वीचा वेग बदलतो, तशी ती तुमच्या वेगाच्या अक्षावर सरकत जाते. तिला शोध समजू नका. ११०.८३६ गिगाहर्ट्‌झवर ओझोनची रेषा आहे, कार्बन-१३ च्या रेषेपासून फार दूर नाही. तीही ओळखून ठेवा.

ग्रीन बँकभोवती १९५८ पासून रेडिओशांतता क्षेत्र आहे आणि दुर्बिणीजवळ पेट्रोलची गाडीही नेत नाहीत, कारण स्पार्क प्लगची ठिणगीसुद्धा लांब लहरींना गोंधळवते. ३ मिलिमीटरला त्या ठिणगीचा फारसा त्रास नाही. तिथले शत्रू वेगळे आहेत. गाड्यांचे रडार ७६ ते ८१ गिगाहर्ट्‌झवर चालतात. २०२४ साली सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावरचं ढगांचं रडार ९४.०५ गिगाहर्ट्‌झवर थेट खाली तरंग सोडतं. तो डोक्यावरून जाताना थाळी शिरोबिंदूकडे असेल, तर रिसीव्हरला धोका पोचू शकतो. त्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात.

आणि डॉपलर. वेग कोणत्या चौकटीत मोजायचा आणि रेडिओ व्याख्येने की प्रकाशीय व्याख्येने, हे स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहा. आपल्या आकाशगंगेतल्या ढगांना दोन्ही व्याख्या जवळपास सारख्या. दीर्घिका सेकंदाला ५,००० किलोमीटरने दूर जात असेल, तर दोन व्याख्यांमध्ये सुमारे ८० किलोमीटरचा फरक पडतो आणि अरुंद पट्टा निवडला असेल तर रेषा बाहेरच राहते.

विदा हाती आल्यावर

सत्र संपल्यावर त्याच दिवशी, हवा आणि आकडे आठवणीत असतानाच, कच्च्या विदेवरून हात फिरवा. रात्रीची नोंदवही, कोणत्या वेळी वारा वाढला, कोणत्या स्कॅनवर ढग आला, कोणता पिक्सेल बिघडला, हे सगळं विदेइतकंच मोलाचं आहे. व्हेनने मिळालेलं तापमान हवेबाहेरचं असलं, तरी थाळीच्या कार्यक्षमतेची दुरुस्ती अजून बाकी असते. बिंदूसारख्या लक्ष्याला एक आकडा लागतो, बीम भरणाऱ्या ढगाला दुसरा. लेखात यांपैकी कोणता वापरला ते लिहिल्याशिवाय तुमच्या आकड्यांची इतरांशी तुलना होत नाही. ती कार्यक्षमता पुस्तकातून उचलू नका, त्याच रात्रीच्या क्वेसारावरून किंवा ग्रहावरून काढा. क्वेसारांचं तेज महिन्यामहिन्याला बदलतं. पण आल्माची वेधशाळा आपल्या कॅलिब्रेटरांचं ३ मिलिमीटरमधलं तेज नियमित मोजून सर्वांसाठी खुलं ठेवते. तुमच्या तारखेजवळचं मोजमाप तिथून घ्या.

बेसलाइनच्या बाबतीत ही दुर्बीण उदार आहे. वाटेत काही आडवं नसल्यामुळे परावर्तनाच्या लहरी कमी उठतात आणि पहिल्या-दुसऱ्या घाताची बहुपदी बहुधा पुरते. पाचव्या घाताची लागली, तर बेसलाइनशी झगडण्याआधी त्या स्कॅनची हवा आणि व्हेन तपासा.

पहिल्या प्रस्तावाआधी थोडा सराव करायचा असेल, तर ग्रीन बँकच्या खुल्या संग्रहातला एन-टू-एच-प्लसचा एखादा नकाशा उतरवून स्वतः कॅलिब्रेट करा. ही रेषा सात भागांची आहे. थंड, विरळ गाभ्यात ते भाग तीन गटांत दिसतात आणि गटांच्या तेजाचं प्रमाण १ : ५ : ३ असायला हवं. प्रमाण बिघडलेलं दिसलं, तर एक तर ढग जाड आहे किंवा बेसलाइन चुकली आहे. वेगही तपासा. सुटा पडलेला भाग मुख्य भागापासून सेकंदाला ८ किलोमीटर अंतरावर असतो, आणि ९३.१७६ ही सुट्या भागाची वारंवारता मुख्य समजून वापरली, तर सगळा ढग नेमका तेवढाच सरकलेला दिसतो.